इंग्रजी क्रियापद आणि त्याचे शब्दयोगी अव्यय : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील भाषिक परिस्थितीच्या संदर्भात

कल्याण स्थानक मागे टाकून कर्जतच्या बाजूस निघालेली गाडी थोड्याच अवधीत उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही तीन शहरे ओलांडते. अंतर अल्प असले तरी भाषेच्या अभ्यासकास तेवढ्यात बरेच काही आढळते. उल्हासनगर ही मुळात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील लष्करी छावणी. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तेथील बराकींत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीस आजचे नाव प्राप्त झाले. अंबरनाथ हे इ. स. १०६० चा शिलालेख असलेल्या शिवमंदिराचे गाव. पुढे शस्त्रास्त्रांचा सरकारी कारखाना, काडेपेट्यांचा कारखाना आणि रासायनिक उद्योग यांमुळे ते कामगारांचे शहर बनले. बदलापुरात जुन्या गावठाणांच्या भोवती, मुंबईतील जागा न परवडल्यामुळे स्थलांतर केलेल्या मराठी कुटुंबांची नवी वस्ती अलीकडच्या काही दशकांत वाढली. त्यामुळे या पट्ट्यातील महाविद्यालयांत मराठी, सिंधी व हिंदी बोलणारे विद्यार्थी एका बाकावर बसतात. इंग्रजी ही तिघांनाही परकी, आणि तिघांनाही पोटापाण्यासाठी आवश्यक.

हे तिघेही एकच इंग्रजी वाक्य चुकवितात, पण तिघांची चूक एक नसते. 'मी त्याला विचारले' एवढे साधे वाक्य घेतले तरी हे दिसून येते. मराठी विद्यार्थ्याच्या लेखणीतून 'आय आस्क्ड टू हिम' असे उतरते. सिंधी किंवा हिंदी भाषक विद्यार्थी 'आय आस्क्ड फ्रॉम हिम' असे लिहितो. इंग्रजीत 'टू' नको आणि 'फ्रॉम'ही नको. 'आय आस्क्ड हिम' एवढेच पुरे. मराठीत ज्याला प्रश्न करावयाचा त्याला 'ला' प्रत्यय लागतो. हिंदीत त्या जागी 'से' येतो, सिंधीत 'खां'. हे दोन्ही अपादानाचे, म्हणजे 'पासून', 'कडून' या अर्थाचे शब्द होत. मराठी माणूस प्रश्न दुसऱ्याकडे नेतो. सिंधी व हिंदी माणूस उत्तर दुसऱ्याकडून आणतो. इंग्रज यांपैकी काहीच न दाखविता नुसते कर्म मांडून मोकळा होतो. अधिक काही जोडलेच तर तेथे अर्थ बदलतो : 'ही आस्क्ड फॉर हिम' म्हणजे त्याने त्याला विचारले असे नव्हे, तर त्याला भेटावयाचे आहे असे सांगितले.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. या चुका निष्काळजीपणाच्या नाहीत. विद्यार्थी आपल्या भाषेचे व्याकरण प्रामाणिकपणे पाळतो आणि म्हणूनच चुकतो. जाणत्या शिक्षकास उत्तरपत्रिकेवरील नाव झाकूनही चुकीच्या शब्दयोग्यावरून लिहिणाऱ्याची घरची भाषा बहुधा ओळखता येईल. परंतु तांबड्या शाईने 'टू' खोडून पुढे जाण्याची जी रीत आहे, तिने मराठी विद्यार्थ्याचा एक शब्द सुधारतो आणि शेजारच्या सिंधी विद्यार्थ्याचे काहीच सुधारत नाही. दोघांना दोन निराळी स्पष्टीकरणे हवी असतात.

हा प्रश्न केवळ गुणांचा नाही. नोकरीचा अर्ज, कारखान्यातील अहवाल, खात्याने मागितलेला खुलासा, बँकेस लिहिलेले पत्र यांत क्रियापदामागचा हा दोनतीन अक्षरांचा शब्द लेखकाची परीक्षा पाहतो. शब्दसंग्रह मोठा असलेला उमेदवारही येथे घसरला की वाचणारा त्याला 'इंग्रजी येत नाही' असा शिक्का मारतो. ज्यांच्या घरात आधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, अशा मुलांवर हा शिक्का विशेष अन्यायाने बसतो, कारण ही चूक कानांनी सुधारते आणि त्यांच्या कानांवर घरी इंग्रजी पडलेले नसते.

मराठीत प्रत्यय नामाला चिकटतो. नामाचे सामान्यरूप होते आणि त्याला 'ला', 'शी', 'त' लागतात किंवा 'वर', 'साठी', 'विषयी' जोडले जातात. डोळ्यांना हा सांधा नामापाशी दिसतो. म्हणून विद्यार्थ्याची समजूत होते की, नामाशी असलेला अर्थ पाहून शब्दयोगी निवडावयाचा : वर असेल तर 'ऑन', आत असेल तर 'इन'. टेबल, पेटी, घर यांपुरते हे ठीक चालते. परंतु रागावणे, विश्वास ठेवणे, अवलंबून असणे अशा क्रिया आल्या की तेथे वर-खाली, आत-बाहेर असे काही उरत नाही. तेथे शब्दयोगी ठरविण्याचा अधिकार नामाकडे नसून क्रियापदाकडे असतो.

संस्कृतचा अभ्यास केलेल्यास यात नवल वाटू नये. पाणिनीने कारकप्रकरणात हेच सांगितले आहे. भीती ज्याची वाटते त्याला पंचमी, राग ज्याचा येतो त्याला चतुर्थी. आणि तोच क्रुध् धातू उपसर्गयुक्त झाला की चतुर्थी जाऊन द्वितीया येते. शाळेत मुले 'उपपद विभक्ती' म्हणून असेच नियम पाठ करतात. 'विना' आला की कोणती विभक्ती, 'नमः' आला की कोणती, हे ती तर्काने काढीत नाहीत, शब्दाबरोबर शिकतात. तीच मुले पुढच्या तासाला इंग्रजीचे क्रियापद मात्र एकटे पाठ करतात. एका तासातील शहाणपण दुसऱ्या तासात जात नाही, ही आपल्या विषयवार शिक्षणाची जुनीच तऱ्हा आहे.

भीतीचेच उदाहरण पुढे नेता येते. संस्कृतातील पंचमी हिंदीच्या 'से'मध्ये आणि सिंधीच्या 'खां'मध्ये टिकली. मराठीने ती सोडून 'वाघाला भितो' असा 'ला' पत्करला. इंग्रजीत 'अफ्रेड ऑफ' असे म्हणतात, आणि हा 'ऑफ' विद्यार्थ्यास निव्वळ लहरी वाटतो, कारण त्याला 'ऑफ' म्हणजे 'चा-ची-चे' असे शिकविलेले असते. वस्तुतः जुन्या इंग्रजीत षष्ठीसारखा 'ऑफ' आणि 'दूर, अलग' या अर्थाचा दुसरा 'ऑफ' हा एकच शब्द होता. त्याचा मूळ अर्थ 'पासून'. पुढे उच्चार व लेखन यांत तो दुभंगला. तेव्हा 'अफ्रेड ऑफ' हेही मुळात अपादानच होय. सिंधी विद्यार्थ्याचा 'फ्रॉम' व्याकरणाच्या दृष्टीने चुकीचा असला तरी त्यामागील जाणीव पाणिनीच्या फार जवळची आहे.

'ला'ची अडचण वेगळी आहे. आपल्या पारंपरिक व्याकरणांत द्वितीया आणि चतुर्थी यांचे प्रत्यय एकच दिलेले आढळतात : स, ला, ते. ज्याला मारले तोही 'त्याला', ज्याला दिले तोही 'त्याला'. इंग्रजीत पहिल्यास काही लागत नाही, दुसऱ्यास कधी 'टू' लागतो, कधी नाही. संस्कृतात प्रच्छ् हा द्विकर्मक धातू आहे. विचारलेली गोष्ट आणि ज्याला विचारले तो माणूस, दोन्ही कर्मेच. इंग्रजीतील 'आस्क' अगदी असाच वागतो. म्हणून 'त्याला विचारले' यातील 'ला' द्वितीयेचा आहे असे एकदा ध्यानात आले की 'टू' आपोआप गळून पडतो. 'स्टेशनला पोहोचलो' यातील 'ला'चेही तसेच. 'रीच' या क्रियापदाला शब्दयोगी चालत नाही. 'अराइव्ह'ला मात्र तो लागतो आणि तोही 'टू' नव्हे, तर ठिकाणाप्रमाणे 'ॲट' किंवा 'इन'. रोज अंबरनाथला पोहोचणाऱ्या, कल्याणला गाडी बदलणाऱ्या आणि बदलापूरला उतरणाऱ्या प्रवाशाच्या तोंडी हे तीनही 'ला' एकसारखेच असतात. इंग्रजीत पहिल्या ठिकाणी काही नाही, उरलेल्या दोहोंत 'ॲट'.

या सर्वांहून महत्त्वाचे असे एक कारण आहे, आणि त्याकडे व्याकरणाच्या पुस्तकांचे लक्ष क्वचितच जाते. मराठीच्या औपचारिक भाषेतील क्रियापदे बहुतांशी क्रियापदे नसतातच. ती एक नाम आणि 'करणे', 'देणे', 'ठेवणे', 'साधणे' यांसारखे एखादे हलके क्रियापद यांची जोडी असतात : चर्चा करणे, हल्ला करणे, विनंती करणे, मागणी करणे, प्रवेश करणे, लग्न करणे, उत्तर देणे, भेट देणे, भर देणे, संपर्क साधणे. या जोडीत अर्थाचा भार नामावर असतो आणि शब्दयोगीही त्या नामाच्या मागणीनुसार येतो. चर्चा कशाविषयी? हल्ला कोणावर? लग्न कोणाशी? प्रवेश कोठे? विद्यार्थी जेव्हा 'डिस्कस' हा शब्द लिहितो तेव्हा त्याच्या मनात 'चर्चा' हे नाम उभे असते, आणि 'चर्चे'ला 'विषयी' हवेच. म्हणून 'वी डिस्कस्ड अबाउट द मॅटर'. तसेच 'दे अटॅक्ड ऑन द कॅम्प', 'ही मॅरीड विथ हर', 'शी एंटर्ड इन द रूम', 'ही रिक्वेस्टेड फॉर लीव्ह', 'द टीचर एम्फसाइज्ड ऑन धिस पॉइंट'.

गंमत अशी की, इंग्रजीतही याच शब्दांची नामे शब्दयोगी घेतात. 'डिस्कशन अबाउट', 'अटॅक ऑन', 'एंट्री इंटू', 'रिक्वेस्ट फॉर', 'डिमांड फॉर', 'एम्फसिस ऑन', 'कॉन्टॅक्ट विथ', 'ॲन्सर टू', 'व्हिजिट टू' ही सर्व शुद्ध रूपे आहेत. क्रियापद होताच मात्र यांतील शब्दयोगी नाहीसा होतो. छावणीवर झालेल्या हल्ल्याला 'ॲन अटॅक ऑन द कॅम्प' म्हणावयाचे, पण छावणीवर हल्ला केला हे सांगताना 'दे अटॅक्ड द कॅम्प' म्हणावयाचे. म्हणजे विद्यार्थ्याने लिहिलेला शब्दयोगी अगदीच कोठून तरी आणलेला नाही. तो नामाचा आहे आणि चुकून क्रियापदापाशी राहिला आहे. कारण लिहिणाऱ्याच्या भाषेत नाम आणि क्रियापद या ठिकाणी वेगळे झालेलेच नाहीत.

या दृष्टीने पाहिले असता दहावीस विस्कळीत चुकांचे एक कुळ तयार होते. शिक्षकाने प्रत्येक चूक स्वतंत्रपणे सुधारण्यापेक्षा एक प्रश्न विचारण्याची सवय लावावी : हा शब्द येथे नाम आहे की क्रियापद? मराठी प्रतिशब्दात 'करणे' किंवा 'देणे' दिसले की थांबावे आणि शब्दयोगी खरोखर हवा का, हे पाहावे. उपाय सोपा आहे, परंतु सर्वत्र लागू पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. 'उत्तर देणे' यासाठी 'ॲन्सर' घेतला तर शब्दयोगी नको, 'रिप्लाय' घेतला तर 'टू' हवाच. 'अर्ज करणे' यासाठी 'अप्लाय' : अधिकाऱ्याकडे करावयाचा तर 'टू', जागेसाठी करावयाचा तर 'फॉर'. 'एंटर'ला खोलीत शिरताना काही लागत नाही, पण करार करताना 'एंटर इंटू' असेच म्हणावे लागते. सिंधी व हिंदीतही नाम आणि 'करणे' यांच्या जोड्या विपुल आहेत, त्यामुळे हे कुळ तिन्ही भाषकांना समान आहे. 'आस्क'च्या बाबतीत वेगळे पडलेले विद्यार्थी 'डिस्कस'च्या बाबतीत पुन्हा एकत्र येतात. लग्नाच्या बाबतीत तर मराठीचा 'शी', हिंदीचा 'से' आणि सिंधीचा 'सां' तिघेही एकदिलाने 'विथ'कडे बोट दाखवितात, आणि इंग्रजी तिघांनाही नाकारते.

'वर' या अव्ययाच्या वाटा मात्र अनेक आहेत. 'त्याच्यावर रागावला' याचे 'अँग्री ऑन हिम' होत नाही, 'विथ' लागतो. 'त्याच्यावर ओरडला' येथे 'ॲट', 'त्याच्यावर विश्वास ठेवला' येथे 'ट्रस्ट'ला काही नाही, 'देवावर विश्वास' असेल तर 'बिलीव्ह इन'. एका ठिकाणी मात्र दोन्ही भाषा जुळतात, आणि ते जुळणे मनोरंजक आहे. 'डिपेंड' हा लॅटिन मुळाचा शब्द. त्याचा मूळ अर्थ खाली लोंबणे. आपल्या 'अवलंबून' या शब्दातही लम्ब्, म्हणजे लोंबणे, हाच धातू आहे. दोन्ही भाषांत लोंबण्याचे चित्र पुसले जाऊन आधाराचे चित्र आले, आणि म्हणूनच मराठीत 'वर' आणि इंग्रजीत 'ऑन' असा मेळ बसला. येथे मराठी विद्यार्थी चुकत नाही. पण आपण का चुकत नाही, हे त्याला ठाऊक नसते.

'मला समजावून सांगा' याचे 'एक्सप्लेन मी' असे भाषांतर ऐकू येते. 'गिव्ह मी', 'टेल मी', 'शो मी' चालत असताना 'एक्सप्लेन मी' का चालू नये, हा विद्यार्थ्याचा प्रश्न रास्त आहे. भाषाशास्त्रज्ञांनी त्याचे उत्तर शब्दांच्या कुळात शोधले आहे. देणे, सांगणे, दाखविणे, पाठविणे या अर्थाची इंग्रजीची घरची, आखूड क्रियापदे दोन कर्मे सरळ घेतात. लॅटिन वा फ्रेंचमधून आलेली लांब क्रियापदे, म्हणजे 'एक्सप्लेन', 'सजेस्ट', 'डिस्क्राइब', 'अनाउन्स', सामान्यतः तसे करीत नाहीत; त्यांना व्यक्तीपूर्वी 'टू' लागतो. 'ऑफर' आणि 'प्रॉमिस' यांसारखी, पहिल्याच अवयवावर आघात असलेली काही परकी क्रियापदे मात्र घरच्यांसारखी वागतात. उलट 'से' हे घरचेच असूनही 'सेड मी' होत नाही. नियम पूर्ण नाही, तरी शंभर शब्द वेगवेगळे पाठ करण्यापेक्षा हा अर्धा नियम अधिक उपयोगी.

आतापर्यंतच्या उदाहरणांत चूक झाली तरी अर्थ कळतो. काही क्रियापदांत मात्र शब्दयोगी असणे-नसणे हाच अर्थ असतो. 'द पोलीस सर्च्ड हिम' म्हणजे पोलिसांनी त्याची झडती घेतली; 'सर्च्ड फॉर हिम' म्हणजे त्याचा शोध घेतला. पहिल्यात माणूस समोर उभा आहे, दुसऱ्यात तो सापडलेला नाही. 'शॉट हिम' म्हटले तर गोळी लागली. 'शॉट ॲट हिम' म्हटले तर लागलीच असे नाही. कामगार संघटनेने व्यवस्थापनाच्या अटींना 'ॲग्रीड टू' केले म्हणजे अटी स्वीकारल्या. एखाद्याशी 'ॲग्रीड विथ' म्हणजे त्याचे मत पटले, आणि मत पटणे म्हणजे अट स्वीकारणे नव्हे. 'एन्क्वायर आफ्टर' म्हणजे प्रकृतीची विचारपूस, 'एन्क्वायर अबाउट' म्हणजे माहिती विचारणे, 'एन्क्वायर इंटू' म्हणजे रीतसर चौकशी. मराठीत तिन्ही ठिकाणी 'चौकशी केली' म्हणून भागते, आणि म्हणून खात्याचे पत्र वाचणाऱ्या कामगारास आपली विचारपूस होत आहे की चौकशी, हे त्या लहानशा शब्दावरूनच ओळखावे लागते.

अंबरनाथसारख्या औद्योगिक गावात याहून गंभीर उदाहरण 'सब्स्टिट्यूट' या क्रियापदाचे आहे. 'सब्स्टिट्यूट कॉपर फॉर ॲल्युमिनियम' अशी सूचना असेल तर तांबे वापरावयाचे आणि ॲल्युमिनियम काढावयाचे. 'फॉर' म्हणजे 'साठी' असे धरून वाचणारा गोंधळतो; येथे 'फॉर' म्हणजे 'ऐवजी'. हीच सूचना 'रिप्लेस' वापरून दिली तर क्रम उलटा होतो : 'रिप्लेस ॲल्युमिनियम विथ कॉपर'. एका वाक्यात आधी येणारी धातू ठेवावयाची आणि दुसऱ्यात आधी येणारी काढावयाची. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही यात घोटाळा करतात. म्हणून कारखान्याच्या सूचनेत 'सब्स्टिट्यूट' टाळून 'रिप्लेस' वापरणे हेच शहाणपणाचे.

प्रयोगशाळेतील 'ॲड' या क्रियापदाचे महत्त्व तर जीविताशी निगडित आहे. तीव्र गंधकाम्ल पातळ करताना आम्ल हळूहळू पाण्यात घालावे, पाणी आम्लात घालू नये, हा नियम रसायनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास शिकवितात. उलट केल्यास उत्पन्न होणाऱ्या उष्णतेने वरचे पाणी उकळून आम्ल अंगावर उडते. मराठीत 'पाण्यात' या रूपातील 'त' भांड्यात आधी काय आहे हे निःसंदिग्धपणे दाखवितो. इंग्रजीत तेच काम 'टू' करतो : 'ॲड ॲसिड टू वॉटर'. म्हणजे येथे 'टू'चे मराठी 'ला' नसून 'त' आहे. आणि कोणी 'मिक्स ॲसिड विथ वॉटर' असे लिहिले तर व्याकरण शुद्ध, पण कशात काय घालावयाचे याचा पत्ता नाही. शब्दयोग्याची निवड म्हणजे केवळ शुद्धलेखनाची बाब, असे मानणाऱ्याने ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत.

मराठी नेहमी अडथळाच आणते असे मात्र नाही. 'मेड' या शब्दामागे 'ऑफ' घ्यावा की 'फ्रॉम', हा प्रश्न इंग्रजीच्या मार्गदर्शिकांत ठळकपणे येतो. मूळ पदार्थ तयार वस्तूत ओळखू येत असेल तर 'ऑफ', त्याचे स्वरूप बदलले असेल तर 'फ्रॉम', असे त्या सांगतात. मराठी माणसाला हा भेद शिकविण्याचे कारणच नाही. तो सोन्याची बांगडी आणि लाकडाची काडी म्हणतो, पण साखर उसापासून आणि कागद लाकडापासून होतो असे म्हणतो. जेथे मराठीत 'चा-ची-चे' तेथे 'ऑफ', जेथे 'पासून' तेथे 'फ्रॉम'. याच 'मेड'मागे 'इन' आला की मात्र पदार्थ जाऊन स्थळ येते, आणि उल्हासनगरच्या बाबतीत तो 'इन' फार प्रसिद्ध आहे. तेथील मालावर 'मेड इन यू. एस. ए.' असे छापलेले असे आणि त्याचा खुलासा 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा केला जाई, ही गोष्ट मुंबईभर विनोदाने सांगितली जाते. गोष्टीतील विनोद सर्वांना कळतो, पण व्याकरण सहसा कोणी पाहत नाही. 'इन'नंतर स्थळ येते. संस्थेचे नाव घालावयाचे तर 'बाय' हवा होता. ग्राहकाची फसगत आद्याक्षरांनी केली, असे मानतात. वस्तुतः 'इन'चाही त्यात निम्मा वाटा आहे.

भारतात इतक्या लोकांच्या तोंडी असलेल्या 'डिस्कस अबाउट'ला चूक तरी का म्हणावे, असा आक्षेप घेता येईल. आक्षेप पोकळ नाही. नायजेरिया व सिंगापूर येथील इंग्रजीतही हे रूप आढळते. खुद्द इंग्रजीत शब्दयोगी स्थिर राहिलेले नाहीत : एखाद्या निर्णयाचा निषेध करताना ब्रिटिश लेखक 'प्रोटेस्ट अगेन्स्ट' लिहितो आणि अमेरिकन लेखक पुष्कळदा 'अगेन्स्ट' गाळतो. 'डिफरंट'मागे 'फ्रॉम', 'टू' की 'दॅन' यावर इंग्रजी पंडितांनी कित्येक पिढ्या शाई खर्च केली आहे. इंग्रजी नामांच्या जुन्या विभक्ती नॉर्मन विजयाच्या आगेमागे झिजत गेल्या आणि त्यांची जागा शब्दयोग्यांनी घेतली. प्राकृतातून मराठी होताना आपल्याकडेही 'मूळ' या नामातून 'मुळे', 'कड' या नामातून 'कडे' अशीच भर पडली. जी व्यवस्था अशी घडते ती पुढेही बदलणारच. परंतु ज्याला उद्या मुलाखतीस जावयाचे आहे त्याला भाषेच्या भवितव्याचा आधार देऊन भागत नाही. भारतीय इंग्रजीच्या हक्काचा पुरस्कार ज्यांची नोकरी पक्की आहे त्यांनी करावा. विद्यार्थ्याला प्रथम प्रचलित रूप माहीत असले पाहिजे, मग ते पाळावे की नाही हे त्याचे त्याने ठरवावे.

राहता राहिला साधनांचा प्रश्न. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले, परंतु शब्द पाठ करण्याची पद्धत बरीचशी तीच राहिली : डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. या दोन रकान्यांत शब्दयोग्यास जागाच नसते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या जुन्या पिढीला निदान पूर्ण वाक्ये तरी गिरवावी लागत, आणि वाक्याबरोबर शब्दयोगी नकळत येत असे. परकी म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी कोश कसा असावा, याचा विचार ए. एस. हॉर्न्बी यांनी जपानमध्ये केला. त्यांचा कोश १९४२ साली टोकियोत निघाला व १९४८ साली ऑक्सफर्डने तो पुन्हा प्रसिद्ध केला. क्रियापदामागे काय येते हे प्रत्येक नोंदीत दाखविणे, हे त्याचे वैशिष्ट्य होते.

पण याहून जवळचे उदाहरण आपल्या घरातच आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली. तो मराठी शिकणाऱ्या इंग्रजांच्या सोयीचा होता, आणि त्यांची अडचण आजच्या उल्हासनगरच्या विद्यार्थ्याच्या अगदी उलट बाजूची होती : चर्चा कशा'ची', की कशा'विषयी'? राग कोणा'चा', की कोणा'वर'? मोल्सवर्थने शब्दाच्या अर्थाबरोबर त्याच्या कर्मास कोणती विभक्ती लागते हेही संक्षिप्त खुणांनी ठिकठिकाणी नोंदले. आज बाजारात मिळणाऱ्या शालेय इंग्रजी-मराठी कोशांत 'डिस्कस : चर्चा करणे' एवढेच सापडते. त्याऐवजी 'एखादी गोष्ट डिस्कस करणे : एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करणे', 'एखाद्या व्यक्तीस आस्क करणे, शब्दयोगी नाही', 'एखादी गोष्ट एखाद्या व्यक्तीस एक्सप्लेन करणे, व्यक्तीपूर्वी टू' अशी नोंद असावी, आणि उल्हासनगर व अंबरनाथ येथील वर्गांसाठी तीत सिंधी व हिंदी रूपांचा तिसरा रकाना असावा. हे काम एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी, सिंधी, हिंदी व इंग्रजी विभागांनी एकत्र बसून करण्यासारखे आहे. नित्याच्या वापरातील दोनतीनशे क्रियापदांपासून आरंभ केला तरी पुरे.